तुम्ही विचारलंत म्हणून: मग अभ्यास कधी करते ती?

लेकीला आम्ही ज्या शाळेत घातलंय तिथे पोरांना सारखं बाहेर नेतात, डोंगर, धरण, पक्षी, आणि अभ्यासही चांगलाच कडक आहे. त्यामुळे भिशीत, लग्नात, सोसायटीच्या जिन्यात कुठेही भेटलं की लोक एकच विचारतात, "एवढी फी भरून पोरीला डोंगरावर पाठवता, मग ती अभ्यास कधी करते?"

अहो, तेव्हाच करते.

मागच्या जूनचंच सांगते. सातवीच्या वर्गाने प्लास्टिकच्या बाटल्या कापून पर्जन्यमापक केले, बाहेरून पट्टी चिकटवली आणि नातेवाईकांकडे वाटले. एक शाळेत नाशिकच्या गंगापूर रोडला, एक येवल्याला कुणाच्यातरी आत्याकडे, एक इगतपुरीला माझ्या भावाकडे. रीडिंग रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खात्याचं पण साडेआठलाच असतं. महिनाभराने आकडे समोर ठेवले तर इगतपुरीचा खांब आलेखाच्या कागदावर मावेना आणि येवल्याचा दिसेना, एकाच जिल्ह्यात. पर्जन्यछाया, म्हणजे डोंगर पाऊस अडवतो आणि पलीकडे कमी पडतो, हा शब्द मी पण शाळेत पाठ केला होता, मार्कही मिळवले होते, पण येवल्याला टँकर का लागतो ते मला पोरीने त्या कागदावर बोट ठेवून सांगितलं. सरासरी, प्रमाण हे सगळं गणिताच्या तासाला त्याच आकड्यांवर झालं.

आधीच्या शाळेत सहल म्हणजे वॉटरपार्क. पोरं दमून यायची, बस्स. इथे मला सगळ्यात पटलं ते हे की एकाच डोंगरावर वर्षातून तीनदा नेतात. अंजनेरी जूनमध्ये, मग पाऊस ओसरल्यावर, मग फेब्रुवारीत. जूनमध्ये नुसता काळा कातळ, सप्टेंबरला पठार सोनकीने पिवळं, आणि तिथे एक कंदिलासारखं इवलंसं फूल येतं ज्याच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. तोडायचं नाही, वहीत काढायचं. लेकीने चार वेळा खोडून काढलंय, कागद पातळ झालाय तिथे.

आणि "एवढं आहे तर बोर्डिंगलाच का नाही टाकलं" हेही विचारतात. मला ती संध्याकाळी घरी हवी असते म्हणून. चिखलाचे बूट दारात काढते आणि आजीला सगळं सांगत बसते. सासूबाई त्र्यंबकच्या, ब्रह्मगिरी त्यांच्या अंगणातलाच म्हणा ना. नातीने सांगितलं की आजी, त्र्यंबकच्या डोंगरातून गोदावरी निघते ती 1,465 किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते आणि वैतरणा तिथलीच पण ती अरबी समुद्राला. सासूबाई थोडा वेळ गप्प, मग म्हणाल्या, "म्हणजे पाऊस कुठल्या अंगाला पडला त्यावर आहे गं सगळं." जलविभाजक म्हणजे हेच की. हे बोलणं होस्टेलवर झालं नसतं.

फीचं खरं सांगते, जड जाते आम्हाला, दुसरा मोठा खर्च काढता येत नाही. आणि डोंगरावर नेणारी प्रत्येक शाळा चांगली असंही नाही. ॲडमिशन घेताना मी विचारलं होतं की किती पोरांमागे एक शिक्षक, फर्स्ट एड कुणाला येतं, आणि पाऊस वाढला तर ट्रिप कोण रद्द करतं. जुलैत खरंच एकदा आदल्या रात्री रद्द केली, ग्रुपवर पालक चिडले, मला मात्र हायसं वाटलं.

आता इगतपुरीच्या मामाचं. त्याने एकदा तीन दिवस बाटली रिकामीच केली नाही, ती ओसंडून वाहिली, तीन दिवसांचे आकडे गेले. लेकीने फोन केला, "मामा, रोजचं रोज मोजायचं, अंदाजे नाही चालत." तेव्हापासून पावसाळाभर रोज साडेआठला त्याचा बाटलीचा फोटो येतो.