काडी चावताना

बांबूची काडी तोंडात धरून मी ओट्याशी उभी होते. सासूबाईंनी दोनदा पाहिलं आणि शेवटी विचारलंच, "दाढ दुखतेय का गं? लवंग देऊ?"

काडी चावून चावून तिच्या टोकाला धागे सुटले की वारली चित्रांचा कुंचला तयार होतो. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात पंधरा मिनिटं जबडा चालवल्यावर जिभेवर तुरट चव, दातांत बांबूच्या शिरा आणि टोकाला एवढासा झुपका. पण त्या झुपक्याने ओढलेली रेघ बाजारातल्या दोन नंबरच्या ब्रशने येत नाही. कुठे जाड, कुठे बारीक, मध्येच अडखळणारी. हात थरथरला तर ते लपत नाही.

माझा कोणी गुरू नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर वेळ होता आणि गॅलरीत रिकामी मडकी होती, एवढंच निमित्त. पहिल्या मडक्याला गेरू फासला, तांदूळ भिजवून वाटले आणि त्या पांढऱ्या पाण्याने दिवसभर खपून तारपा नाच काढला. मधोमध दुधीभोपळ्याचा तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती हातात हात गुंफलेल्या माणसांचं वेटोळं. दुसऱ्या दिवशी उन्हाने नाचणाऱ्यांचे पापुद्रे निघाले. बोट लावलं की एकेक माणूस खाली! पिठात डिंक घालायचा राहिला होता. पुढच्या मडक्यात डिंक इतका झाला की रेघा शेंबडासारख्या ओघळल्या. तिसऱ्या खेपेला जमलं.

जमलं म्हणजे रंग टिकला. माणसं मात्र कवायतीला उभी केल्यासारखी दिसत होती. वारली माणूस काढणं म्हणजे काय, टोकाला टोक लावून दोन त्रिकोण आणि वर गोल, चौथीतलं पोरही काढेल, असं मीही समजत होते. पण डहाणूकडच्या चित्रांतली माणसं धावतात, वाकतात, भाताची लावणी करतात. माझी नुसती उभी. असं का, ते मला ओट्यावर कळलं. मुंग्या साखरेचा दाणा ओढत होत्या. पुढचा भाग, मागचा भाग आणि मध्ये ती दोऱ्यासारखी कंबर. ओझं ओढताना पुढचा भाग कंबरेवर कलतो आणि मागचा तिथेच रोवलेला राहतो. मी तशीच जाऊन वरचा त्रिकोण खालच्यावर ताठ न बसवता जरासा पुढे कलवला, आणि माझी पहिली बाई चालायला लागली. डोक्यावर हंडा दिला तर चक्क घाईत असल्यासारखी दिसली. त्या दिवशी मुंग्यांवर हळद टाकली नाही.

डहाणू तालुक्यातल्या कळंबीपाड्याचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे लहानपणी आई गेल्यावर कित्येक वर्षं बोलतच नव्हते, धुळीत चित्रं काढून सांगायचे. वारल्यांमध्ये चित्र म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचा चौक, आणि तो काढायच्या सुवासिनी. म्हसे मात्र लग्न असो नसो, रोज काढत राहिले. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी त्या पाड्यांवर गेले आणि भिंतीवरची चित्रं कागदावर, कापडावर आली. २०११ साली म्हसेंना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. मासेमारीच्या जाळ्याचं त्यांचं चित्र पाहताना मी रेघा मोजायला लागले आणि सोडून दिलं. रेघांनी भरलेलं ते जाळं पाण्यात सोडल्यासारखं हलतं.

एक गोष्ट मात्र मी काढत नाही. वारल्यांच्या लग्नातल्या पालघट देवीचा चौक. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणं म्हणते, लग्न लागतं, तेव्हा त्या चौकाला अर्थ. माझ्या मडक्यावर, त्यात मनीप्लांट खोचून? नको. कपांवर, उशांवर, लिफ्टच्या दारावर वारली माणसं नाचताना दिसतात, त्यात आपण अजून किती भर घालायची, हा प्रश्न मलाही पडतो. म्हणून मी आता नाच कमी आणि आमच्या गॅलरीतलं जग जास्त काढते. कढीपत्त्यावरचे सुरवंट, वळचणीचं कबुतर, पावसात न वाळलेले कपडे.

गणपतीत सोसायटीने माझी सहा मडकी मांडली. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "क्लास कुठे लावला होता?" "कुठेच नाही, मनानेच," असं मी जरा मान ताठ करून सांगत होते. शेजारी खुर्चीत बसलेल्या सासूबाई गप्प होत्या.

घरी आल्यावर त्यांनी एक कोरं मडकं मांडीवर घेतलं. चातुर्मासात रोज तेहेतीस गोपद्मं काढणारा हात तो. उरलेल्या पिठात बोट बुडवून त्यांनी मडक्याच्या गळ्याभोवती गोपद्मं काढायला सुरुवात केली. सगळी सारखी, एकही वाकडं नाही, आणि पूर्ण फेरी झाल्यावर शेवटचं पाऊल पहिल्याच्या बरोबर शेजारी आलं. मी आधी पेन्सिलने खुणा करून घेते, तेव्हा कुठे ते जमतं.

"आई, हे कधी शिकलात?"

"शिकायचंय काय त्यात?" त्या म्हणाल्या. मग बोट पदराला पुसून माझ्या काडीकडे पाहिलं. "बारीक रेघेला ती तुझी काडी बरी. पण तूच चावून दे बाई, माझी कवळी आहे."

मी डब्यातून नवी काडी काढली आणि दाढेखाली धरली.