तुम्ही विचारलंत म्हणून: ही बाई गाते की बोलते?

घरी आलेल्या कुणाच्या कानावर अमेरिकन गायिका किम्या डॉसन पडली, की हा प्रश्न हमखास येतो. पाठोपाठ दुसरा येतो: भावगीतांवर वाढलेल्या तुला यात काय सापडतं? विचारणारे बहुतेक जण गाणं मनापासून ऐकणारे असतात, म्हणून नीट उत्तर द्यावंसं वाटतं.

मी लावून ठेवलेल्या तिच्या अल्बमचं नाव 'रिमेम्बर दॅट आय लव्ह यू', साल 2006. भरभर छेडलेली एक साधी गिटार, खालच्या पट्टीतला जवळजवळ कुजबुजता आवाज, आणि शब्द इतके दाटीवाटीनं बसलेले की मध्ये श्वास कुठे घेते असा प्रश्न पडावा. मला सापडतात ते हे शब्दच.

अशा गाण्याला अँटीफोक म्हणतात आणि त्याचं गाव न्यूयॉर्क. 1980च्या दशकात तिथल्या लोअर ईस्ट साइड भागात लॅच नावाच्या गायकानं स्वतःचा अड्डा सुरू केला, कारण त्याच्या गाण्यातला पंकचा, म्हणजे रांगड्या, बंडखोर रॉकचा बाज प्रस्थापित फोक (लोकगीतांच्या वळणाची गाणी गाणाऱ्या) मंडळींना खपत नव्हता. पुढे अ‍ॅव्हेन्यू एवरच्या साइडवॉक कॅफेत तो सोमवारी रात्री खुला मंच चालवायचा. नाव नोंदवायचं आणि पाळी आली की गिटार घेऊन उभं राहायचं. साथीला कुणी नाही, समोर गजबजलेलं कॅफे. अशा ठिकाणी माणसांना धरून ठेवायचं, तर ओळीगणिक काहीतरी घडलंच पाहिजे. या गाण्यांतली शब्दांची घाई मला तिथूनच आलेली वाटते. रेजिना स्पेक्टर, जेफ्री लुईस याच वर्तुळातले. किम्याही तिथलीच. आधी ती अ‍ॅडम ग्रीनबरोबर 'द मोल्डी पीचेस'मध्ये गायची, मग एकटी गाऊ लागली.

आता 'लूज लिप्स'. माझं सगळं उत्तर खरं तर या एका गाण्यात आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत भिंतीभिंतींवर एक ताकीद असायची: 'लूज लिप्स सिंक शिप्स', म्हणजे सैल जिभेनं जहाजं बुडतात. किम्या तीच ओळ उचलते आणि तिच्यावर पोरखेळ सुरू करते. यमकाला यमक, अर्थ असो नसो. ऐकणारा हसत हसत मागे जातो. आणि मग त्याच चालीत, त्याच वेगात, आवाज जराही न बदलता ती एका मित्राशी बोलायला लागते. स्वतःला इजा करावीशी वाटली, जीव द्यावासा वाटला, तरी माझं तुझ्यावर प्रेम आहे हे लक्षात ठेव, त्याआधी मला फोन कर, आपण दुसरा काहीतरी बेत ठरवू. अल्बमचं नाव इथून आलं आहे.

ही ओळ संथ चालीत, व्हायोलिनच्या साथीनं आली असती, तर आपण सावरून बसलो असतो. इथे सावरायला वेळच मिळत नाही. शिवाय जो माणूस त्या कड्यावर उभा आहे, त्याला गंभीर चेहऱ्याच्या उपदेशापेक्षा अशी खेळातून आलेली हाक जास्त ऐकू जाईल, असं मला मनापासून वाटतं. थिल्लर आणि जीवघेणं एकाच दमात म्हणण्याचं हे धाडस मी फार थोड्या गीतकारांत पाहिलं आहे.

'माय मॉम'मध्ये आई आजारी आहे. तिथेही किम्या लहान मुलीच्याच भाषेला धरून राहते, आणि आईच्या खाटेशी बसलेल्या कुणाचीही भाषा तेवढीच उरते. '12/26' हे गाणं तारखेचं आहे: 26 डिसेंबर 2004, त्सुनामीचा दिवस. आपल्याकडे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जे झालं ते आठवणाऱ्यानं ते ऐकावं, पण मन घट्ट करून. सगळं गमावलेल्या बाईच्या तोंडून ते येतं, आणि एरवी एवढी बोलकी किम्या तिथे एकही चमकदार ओळ घालत नाही. कुठे खेळायचं नाही हे तिला कळतं, म्हणून तिच्या बाकीच्या खेळावर माझा विश्वास बसतो.

काही जणांनी तिला 'जुनो' या 2007च्या चित्रपटात ऐकलेलं असतं. त्यातल्या गाण्यांचा अल्बम 2008च्या जानेवारीत अमेरिकेत बिलबोर्ड या संगीत-मासिकाच्या खपाच्या यादीत पहिला आला. त्यामुळे तिची गाणी म्हणजे गोड, निरागस असा शिक्का बसला. तो मला मान्य नाही. गोडवा आहे, पण तो भीती पुरती पाहिलेल्या बाईचा आहे.

आवाजाबद्दलची तक्रार मात्र मी खोडून काढणार नाही. शब्दप्रधान गायकीतसुद्धा आपल्याला सूर भरीव लागतो, आणि तो इथे मिळणार नाही. पण तिनं हाच मजकूर मोकळ्या, कमावलेल्या गळ्यानं गायला, तर ती दाद मागतेय असं वाटेल. कुजबुजल्यामुळे तो एकाच माणसाला सांगितल्यासारखा राहतो.

ऐकायचंच असेल, तर सुरुवात 'आय लाइक जायंट्स'पासून करा. त्यात ती रस्त्याकडेला गाडी थांबवून अंगावरच्या कपड्यांनिशी समुद्रात उडी घेते आणि स्वतःला खसखशीच्या दाण्याहून लहान झालेली पाहते. आपण फार मोठ्या, फार जाड, फार जागा व्यापणाऱ्या आहोत असं सतत वाटणाऱ्या मुलींसाठी ते गाणं आहे, आणि अशी एखादी मुलगी तुमच्या घरात असेलच. शब्द समोर ठेवा, कारण पहिल्या फेरीत निम्मे निसटतात. 'लूज लिप्स' त्यानंतर.