कडीतला बर्फ

उणे दहा अंशांत नदीत उभं राहून मासे गरवणाऱ्याला लोक पहिला प्रश्न विचारतात, "थंडी नाही का वाजत?" वाजते की. पण थंडी बोटांना गाठते त्याच्या आधी रॉडला गाठते. रॉडच्या अंगावर ओळीने बारक्या कड्या असतात, त्यांतून दोरी जाते. दोरी ओढून घेताना पाण्याचा एखादा थेंब तिच्यासोबत येतो, कडीला चिकटतो आणि तिथेच गोठतो. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. टोकाची कडी सगळ्यांत लहान, म्हणून तीच आधी बुजते. थोड्याच फेकींत तिथे मण्याएवढा बर्फ बसतो आणि दोरी मागे-पुढे व्हायची थांबते. नेमका तेव्हाच मासा लागला आणि त्याने पळायला सुरुवात केली, तर दोरी सुटत नाही, तटकन तुटते.

यावर प्रत्येकाचा आपापला इलाज आहे. कोणी कड्यांना ओठांचं मलम चोळतो, कोणी तव्यावर फवारायचं तेल मारतो. सगळे इलाज सारखेच, म्हणजे अर्धा तास टिकणारे. मी एकदा खोबरेल तेल सुचवलं होतं. माझ्या मित्राने माझ्याकडे नुसतं पाहिलं. जे तेल आमच्या स्वयंपाकघराच्या फडताळातही सहा महिने दगड होऊन बसतं, ते इथे काय करणार! शेवटी उरतो तो जुना उपाय: रॉडचं टोक पाण्यात बुडवून धरायचं. नदीचं पाणी शून्याच्या जरासं वर असतं, म्हणजे हवेपेक्षा चांगलं दहा अंशांनी गरम. बर्फ सैल होतो, बोटांनी हलकेच चुरून काढायचा. टिचकी मारून फोडायला गेलात तर कडी तुटते.

हे सगळं चालतं न्यूयॉर्क राज्यात, पण ज्या न्यूयॉर्कचे फोटो नातेवाईक मागतात तिथे नाही. तिथून गाडीने पाचेक तास वर, लेक ओंटारिओच्या काठाला पुलास्की नावाचं छोटं गाव आहे, त्याच्या मधून सॅल्मन रिव्हर वाहते आणि पुढे सरोवराला मिळते. आम्ही राहतो सिरॅक्यूजला, तासाभराच्या आत पोचतो. रस्ता दिसत असेल तर. कारण हिवाळ्यात सरोवरावरून पश्चिमेचा कोरडा गार वारा येतो, येता येता सरोवराची वाफ उचलतो आणि पूर्वेच्या टग हिल पठारावर चढताना ती सगळी बर्फ करून टाकतो. नदीच्या वरच्या अंगाला रेडफिल्ड म्हणून वस्ती आहे. तिथे फेब्रुवारी २००७ मध्ये दहा दिवसांत १४१ इंच बर्फ पडला. जवळजवळ बारा फूट. मी वर्ध्याचा. आमच्याकडे फेब्रुवारीत कूलरची ताटी बदलायची चर्चा सुरू होते.

मित्र मालवणचा. कर्लीच्या खाडीत गरी टाकून लहानाचा मोठा झालेला. माझ्या घरी मासा कधी शिजला नाही, मी आजही खात नाही. त्यामुळे आमच्या जोडीत एकाला मासा धरायचा असतो आणि दुसऱ्याला तो खायचा नसतो, असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात मित्रही धरलेला मासा सोडून देतो. नियमाने दिवसाला एक घरी नेता येतो. पण सरोवरातल्या माशाला खाडीची चव नाही, हे त्याचं ठाम मत आहे आणि त्यावर अपील नाही.

मासा म्हणजे स्टीलहेड. रेनबो ट्राउटचाच हा भटका प्रकार. जन्म नदीत, मग दोन-तीन वर्षं मोठ्या पाण्यात, आणि अंडी घालायला पुन्हा नदीत. मूळचा पॅसिफिक किनाऱ्याचा. १८७०च्या दशकात माणसांनी उचलून ग्रेट लेक्समध्ये आणून सोडला, आणि याने समुद्राची हौस सरोवरावर भागवली. परक्या देशात आणून सोडलेला मासा आणि आम्ही दोघं, असा विषय निघायला हरकत नव्हती, पण मित्राला असली वाक्यं सहन होत नाहीत.

मला या माशाची आवडलेली गोष्ट वेगळीच. शरद ऋतूत याच नदीत चिनूक सॅल्मन येतात, अंडी घालतात आणि मरतात. सगळेच्या सगळे. स्टीलहेड त्यांच्या मागोमाग शिरतो, त्यांची वाहून आलेली अंडी खातो, अख्खा हिवाळा नदीत काढतो, मार्च-एप्रिलमध्ये स्वतःचं काम उरकतो आणि जगला-वाचला तर परत सरोवरात जातो. पुढच्या वर्षी पुन्हा येतो. एका बाजूला एकदाच येऊन सर्वस्व उधळणारा, दुसऱ्या बाजूला हा संसारी. कवितेत पहिला शोभतो. मला दुसरा बरा वाटतो.

पण हा संसारी हिवाळ्यात अगदी मंद होतो. थंड रक्ताचा जीव, पाणी एक अंशावर आलं की त्याचं सगळं यंत्रच संथ चालतं. खोल, सुस्त डोहाच्या तळाशी पडून राहतो. तोंडाजवळून आमिष गेलं तर तोंड उघडेल, हातभर लांबून गेलं तर बघणारही नाही. म्हणून आमिष, बहुतेक वेळा सॅल्मनच्या अंड्यासारखा दिसणारा नारिंगी मणी, बरोबर त्याच्या नाकासमोरून आणि तळाच्या पाण्याच्या चालीने जावं लागतं. वरचं पाणी पळतं, तळाचं रेंगाळतं. फ्लोट, म्हणजे दोरीला बांधलेला तरंगता बोंडा, वरच्या वेगाने निघाला की खालचा मणी फरफटत जातो आणि मासा ओळखतो. तेव्हा फ्लोटला अडवत अडवत सोडायचं. आणि मासा लागला म्हणजे फ्लोट खाली खेचला जाईल असंही नाही. तो नुसता क्षणभर थबकतो. दगडाला अडला तरी असाच थबकतो. त्यातला फरक मित्राला कळतो, मला क्वचित.

"फ्लोट बघ. माका काय बघतंस?" हे वाक्य मी तिथे सगळ्यांत जास्त वेळा ऐकलं असेल.

सकाळी सकाळी नदीतून बर्फाचा चुरा वाहत येतो, साबुदाण्याच्या खिरीसारखा दाट. तेव्हा फ्लोट टाकण्यात अर्थ नसतो. ऊन वर येईपर्यंत काठावर थांबायचं. खरं तर ऐन हिवाळ्यात दुपारच उत्तम. पाणी अर्धा-एक अंशाने चढलं तरी मासा जरा जागा होतो. उजाडता जायची काही गरज नाही, हे मी मित्राला पुराव्यानिशी दाखवलं आहे. तो म्हणतो, जागा गेली तर पुरावा धरून बस. आणि नदीकाठच्या आल्टमार वस्तीच्या पुलाखाली भर बर्फातही आमच्या आधी कोणी ना कोणी उभा असतोच, तेव्हा मला गप्प बसावं लागतं.

एकट्याने मात्र या दिवसांत जाऊ नये, यावर आमचं एकमत आहे. छातीपर्यंतची रबरी विजार, तिच्यावर घट्ट पट्टा, बुटांना लोखंडी खिळे, हातात काठी, एवढं असूनही तळाचे गोटे बुळबुळीत आणि काठावर बर्फाचा कंगोरा. पाऊल उचलायचं नाही, सरकवायचं. नदी ओलांडताना मित्र वरच्या अंगाला, मी खालच्या अंगाला, एकमेकांच्या खांद्याचा पट्टा धरलेला. तो पाण्याचा जोर फोडतो, मी त्याच्या आडोशाने चालतो. वर धरण आहे, वीजनिर्मितीसाठी पाणी तिथून कमी-जास्त सोडतात. सेकंदाला ३५० घनफूट असेल तर माझ्यासारख्याला झेपतं; हजाराच्या वर गेलं की आम्ही घरीच बसून कांदेपोहे करतो.

डोहाशी पोचलो की तो तीस फुटांवर उभा राहतो. एवढ्या अंतरावरून गप्पा होत नाहीत, पण पडल्याचा आवाज येतो. दिवाणखान्यात समोरासमोर बसलेल्या दोन पुरुषांना जे बोलायला सुचत नाही, ते इथे चहाच्या वेळी दोन वाक्यांत होऊन जातं. त्याचे वडील गेले त्या वर्षीचं त्याने मला जे काय सांगितलं, ते थर्मासच्या झाकणातला चहा संपायच्या आत. बाकीचं फ्लोटकडे बघत. माझ्या खिशात संक्रांतीची उरलेली गुळपोळी होती. तूप गोठून तिची कौलं झाली होती, तरी आम्ही ती खाल्ली.

त्या दिवशी त्याला मासा लागला. रॉड वाकली, रीळ एकदाच किरकिरलं, मग बराच वेळ नुसतं जड ओझं. गार पाण्यातला मासा उड्या मारत नाही, हट्ट करतो. उथळात आला तेव्हा मी गुडघ्यावर बसून जाळी धरली. बरेच दिवस नदीत राहिलेला नर असावा. सरोवरातून ताज्या आलेल्याची चांदी उतरून अंग काळपट हिरवं, आणि कल्ल्यापासून शेपटीपर्यंत लाल पट्टा. मित्राने हातमोजा दातांनी ओढून काढला, हात पाण्यात बुडवला. कोरडा हात लागला तर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. असल्या थंडीत मासा बाहेर काढून फोटोही काढायचा नाही, कल्ले गोठतात. त्याने पाण्यातच गळ सोडवला, शेपटीजवळ धरून तोंड प्रवाहाकडे केलं. मासा दोनदा कल्ले हलवून तिथेच थांबला, मग एका झटक्यात आम्हा दोघांच्या तोंडावर पाणी उडवून गेला. मित्राचा हात कोपरापर्यंत गाजरासारखा लाल... नाही, उपमा पुरे. "मोजो घाल रे, बोटां जातली तुझी," हे एरवी तो मला सांगतो, तेव्हा मी त्याला माझ्या मालवणीत सांगितलं. तो माझ्या उच्चारावर हसला, पण मोजा घातला.

परतताना गाडीत मी त्याला २०१४च्या हिवाळ्याची गोष्ट सांगितली. तेव्हा या नदीतले स्टीलहेड अचानक गळपटले, पृष्ठभागाजवळ भरकटू लागले, कित्येक मेले. राज्याच्या शास्त्रज्ञांनी तपासलं तर ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता. सरोवरात हे मासे मुख्यतः एलवाइफ नावाचा छोटा मासा खातात, त्याच्यात हे जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं. एलवाइफ कसला मासा, त्याने विचारलं. म्हटलं, तुझ्या तारल्यांच्या कुळातला.

"तारले खावन कोण आजारी पडता?" त्याने गाडी जवळजवळ थांबवलीच. विज्ञान असेल, पण यावर त्याचा विश्वास बसणं शक्य नव्हतं. सिरॅक्यूज येईपर्यंत तो तारल्यांची बाजू मांडत होता.

तेवढ्यात मालवणहून त्याच्या आईचा फोन आला. तिच्याकडे पहाट झाली होती. सगळी हकिगत ऐकून ती म्हणाली, "इतक्या थंडयेत जावन मासो धरलंस आणि सोडलंस? मगे गेललंस कित्याक?" त्याने फोन माझ्याकडे दिला. मी काकूंना नमस्कार केला, तब्येत विचारली. त्यांनी मला जेवलास का विचारलं, आणि माझ्यासाठी कोकमं पाठवते म्हणाल्या.

पुढच्या शुक्रवारी रात्री त्याचा निरोप आला. त्याचे निरोप आकड्यांतच असतात: "३५०. उणे ९. वारा पश्चिम. ५ वाजता."

मी लिहिलं, "७."

"५.३०. चहा तुझा."

"६, आणि पोळ्याही माझ्या."

त्यावर बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, "तूप कमी लाव."