लेट-ऑफचा रकाना: माझा अनुभव

धनुष्याने शिकार करायचा परवाना हातात येऊन दीड महिना झाला, तरी तो रकाना आठवला की डोकं फिरतं.

सहा वर्षं मी कंपाउंडने, म्हणजे टोकांवर चाकं असलेल्या धनुष्याने शिकार केली. ३५ यार्डांवरून नेमाच्या साईटची पिन टेकवायची, दोरी सोडणाऱ्या रिलीजचा ट्रिगर दाबायचा. यंत्रच शिकार करतंय आणि आपण नुसते सोबतीला, असं वाटायला लागलं, म्हणून यंदा रिकर्व्ह, म्हणजे बिनचाकाचं साधं धनुष्य घेतलं. सराव, नेमाची चाचणी, शुल्क, सगळं सुरळीत. अडलं ते धनुष्याच्या अर्जावर.

'कमाल ताण' आणि 'लेट-ऑफ टक्के', दोन्ही सक्तीचे. आता लेट-ऑफ ही कंपाउंडची भानगड. ओढताना टोकांवरचे कॅम (चाकं) फिरतात आणि शेवटी ओझं उतरतं. ७० पौंडांचं धनुष्य, ८० टक्के लेट-ऑफ, म्हणजे पूर्ण ओढल्यावर हातावर उरतात १४ पौंड. हरीण आडोशातून बाहेर येईपर्यंत खुशाल थांबा. रिकर्व्हला कॅमच नाहीत. जितकं ओढाल तितकं जड, आणि सगळ्यात जड नेमकं सोडायच्या वेळी. मी रकाना मोकळा ठेवला. 'अपूर्ण' म्हणून अर्ज परत. शून्य लिहिलं. आठ दिवसांनी पुन्हा परत: 'आकडा तपासा.'

तिसऱ्यांदा धनुष्यच घेऊन गेलो. खिडकीवरच्या गृहस्थांनी ते उलटसुलट पाहिलं. "याची चाकं कुठायत?"

"साहेब, चाकांचं पेटंट १९६९ सालचं. त्याआधी हजारो वर्षं बिनचाकाचंच चालत होतं."

हे बोलायला नको होतं. त्यांनी शांतपणे ड्रॉवरमधून ताण मोजायचा काटा काढला.

माझ्या लिम्बवर (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांवर) ४५ पौंड छापलेत, पण ते २८ इंच ओढल्यावर. माझी ओढ २६. कमी पडणाऱ्या दर इंचाला साधारण अडीच पौंड जातात. काट्यावर आले ३९.५. आमच्या परवान्याला किमान ४० लागतात. ज्या रकान्यासाठी मी तीन आठवडे भांडलो तो माझा बरोबर होता. चुकला होता शेजारचा, जो मी छापील आकडा बघून बिनधास्त भरला होता.

नशीब, धनुष्य टेकडाउन होतं, म्हणजे लिम्ब सुटे करून बदलता येतात. ५० चे लिम्ब मागवले, बसवले. तर जुने बाण नव्या ताणाला लवचिक ठरून उजवीकडे पळायला लागले (मी उजव्या हाताने ओढतो). पुन्हा खर्च, जास्त ताठ बाण. म्हणून बाण आधी घेऊ नका. आधी लांब बाण लावून ओढा, शेजारच्याला त्यावर खूण करायला सांगा आणि त्या खुणेपर्यंत ओढून काट्यावर ताण बघा. हो, आणि बाण न लावता दोरी कधीच सोडू नका, लिम्ब तडकतात. अंतराचंही सांगायचं राहिलं: ३५ यार्ड विसरा, मी आता १५ च्या पुढे बाण सोडत नाही.

अर्ज मंजूर झाला. लेट-ऑफच्या रकान्यात माझं शून्य खोडून त्यांनीच पेनाने लिहिलंय, 'लागू नाही'.