द्राक्षाचा चोथा रोजच्या पिठात घालताना

द्राक्षाचा रस गाळला की गाळणीत सालं, बिया आणि थोडा गर उरतो, तोच चोथा. तंतू (फायबर) जवळजवळ सगळे त्यातच राहतात आणि रसाबरोबर मुख्यतः साखर निघून जाते. आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी हे सांगितलं, तेव्हा माझा एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढलेला होता, बद्धकोष्ठाचा त्रास जुनाच होता आणि ह्यांची अँजिओप्लास्टी होऊन गेली होती. त्यामुळे मी ते फार मनावर घेतलं.

दिंडोरीच्या मामांना फोन केला. त्यांच्या ओळखीत वायनरी आहे. ते म्हणाले, "अगं, गोणीभर देतो, घेऊन जा." मी नको म्हटलं. वायनरीतला ओला चोथा उघड्यावर पडला की लगेच आंबतो, त्यावर बुरशी धरते, आणि द्राक्षावरच्या काही बुरश्या ऑक्राटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते मूत्रपिंडाला घातक असतं आणि भाजल्याने पुरतं जात नाही. खत म्हणून तो चोथा उत्तम, पण पोटात जाणारी वस्तू मला ताजीच हवी होती.

मग फेब्रुवारीत वाशीच्या एपीएमसी मार्केटातून द्राक्षं आणली. थॉम्पसन आणि शरद या जाती बिनबियांच्या, म्हणून मुद्दाम शोधून बियांची काळी बेंगलोर ब्लूही घेतली. द्राक्षांवर फवारणी बरीच होते. घड मोडून मणी सुटे केले, पाण्यात भिजत ठेवले आणि वाहत्या नळाखाली चोळून धुतले. रस काढल्यावर चोथा फडक्यात घट्ट पिळून ताटात अगदी पातळ पसरला.

नेरुळला खाडी जवळ असल्याने वाळवण हेच खरं काम. दुपारचं ऊन कडक असतं, पण संध्याकाळी वारा फिरला की वाळत आलेली सालं पुन्हा मऊ पडतात. म्हणून ऊन उतरायच्या आत ताटं घरात घ्यायची आणि शेवटचा ओलावा ओटीजीत, म्हणजे छोट्या ओव्हनमध्ये, सगळ्यात कमी आचेवर काढायचा. साल बोटांत चुरली आणि बी दाताखाली कडकन फुटली की झालं. मिक्सरला लावताना बियांचा खडखडाट होतो. पीठ चाळून घ्यावंच लागतं, नाहीतर भाकरीत कचकच लागते. बियांत तेल असतं, त्यामुळे बाहेर ठेवलेलं पीठ खवट होतं. मी बरणी फ्रीजरमध्ये ठेवते.

चव तुरट, थोडी आंबूस. ज्वारीच्या पिठात मळलं की उंडा जांभळट-राखाडी होतो, आणि तेच चोथ्याचं पीठ दह्यात कालवलं की गुलाबी दिसतं. सालीतलं अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य आंबटपणाप्रमाणे रंग बदलतं. थालीपिठाच्या भाजणीत ते सगळ्यात छान लपतं.

सुरुवात अर्ध्या चमच्याने केली. तरी आधी गॅस झाला, पोट गुडगुडलं. पाणी वाढवलं आणि चमचा हळूहळू भरत नेला. बियांमधले मोठे टॅनिन (तुरटपणा आणणारे घटक) लहान आतड्यात फारसे शोषले जात नाहीत, ते मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतात. तिथले जिवाणू ते फोडतात, तंतूही आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी याच ब्युटिरेटवर जगतात. विरघळणारे तंतू पित्तातली आम्लं बांधून बाहेर नेतात, मग नवीन पित्त करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. हृदयाशी संबंध येतो तो असा.

माझं पोट आता सकाळी वेळेवर साफ होतं, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. एलडीएलही उतरला. पण त्याच काळात मी वंडर्स पार्ककडे रोज चालायला लागले आणि फरसाण सोडलं, त्यामुळे त्याचं श्रेय एकट्या चोथ्याला देता येणार नाही. माणसांवरच्या चाचण्याही बहुतेक लहान आहेत. काहींत रक्तदाब आणि एलडीएल थोडे कमी झाले, काहींत नाही.

ह्यांच्यासाठी द्राक्षबियांच्या अर्काच्या कॅप्सूल घ्याव्यात का, असं डॉक्टरांना विचारलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "कॅप्सूल नको काकू. काकांना रक्त पातळ करणारं औषध चालू आहे, रक्तस्राव वाढू शकतो. भाकरीत चमचाभर चालेल, पण एकही गोळी बंद करायची नाही." हे मला सगळ्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण अशा कॅप्सूल कोणालाही न विचारता सहज घेतल्या जातात. मधुमेह असेल तर चोथ्यात राहिलेली साखरही धरायला हवी. म्हणून मी तो पिळून झाल्यावर पाण्यातून एकदा काढते. थोडा रंग जातो, तो जाऊ दे.

सासूबाईंना लोहाच्या गोळ्या चालू आहेत. टॅनिनमुळे लोह कमी शोषलं जातं, म्हणून त्यांच्या भाकरीचं पीठ मी वेगळं मळते.