मुरलेली टेप

लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, गवयाचा गळाही मुरतो म्हणतात. टेप मुरली की मात्र तिचा निकाल लागतो, कारण तिच्यात मुरतं ते पाणी.

आठवण निघाली ती क्वीन या इंग्लिश बँडच्या एका मैफलीवरून. २४ डिसेंबर १९७५, नाताळची आदली रात्र, लंडनचं हॅमरस्मिथ ओडियन थिएटर. बीबीसी टूच्या ‘द ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट’ या कार्यक्रमात बॉब हॅरिसच्या निवेदनासह ही मैफल थेट दाखवली गेली, आणि त्याच वेळी रेडिओ वनवर ऐकवलीही गेली. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ तेव्हा ब्रिटनच्या यादीत पहिल्या नंबरावर ठाण मांडून बसलेलं. एवढा योग जुळून आला, तरी मैफल ‘अ नाइट ॲट द ओडियन’ या नावानं रीतसर दुकानात यायला नोव्हेंबर २०१५ उजाडला. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात वाढलेला, तिथल्या हेक्टिक्स नावाच्या पोरांच्या बँडमध्ये पियानो बडवणारा फरोख बलसारा, म्हणजेच फ्रेडी मर्क्युरी, तोवर जाऊन चोवीस वर्षं झाली होती.

टीव्ही असताना रेडिओ कशाला? तर त्या काळी टीव्हीचा आवाज मोनो, आणि एफएम रेडिओचा स्टिरिओ. शौकीन मंडळी टीव्हीचा आवाज बंद करायची, रेडिओचे दोन स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना ठेवायची, की घरातच ओडियन. चित्र आणि आवाज दोन वाटांनी येत, पण पोचत एकदमच. आज हाच प्रयोग करायला जाल तर फजिती ठरलेली. डिजिटल प्रक्षेपणात प्रत्येक डबा आपापला वेळ खातो. ड्रमवर काठी पडलेली दिसेल आणि ठोका मागाहून येईल.

रेडिओसमोर टेपरेकॉर्डर लावून बसलेल्यांनी चोरट्या प्रतींचा बाजार कित्येक वर्षं चालवला. अशी प्रत ओळखणं सोपं आहे. आवाजात कुठल्या कंपनसंख्येचे सूर किती जोरात आहेत, याचा आलेख काढायचा. एफएम स्टिरिओत १९ किलोहर्ट्‌झवर खुणेचा सूर असतो, त्याच्या वाटेत येऊ नये म्हणून संगीत १५ किलोहर्ट्‌झला छाटतात. आलेख तिथे सुरीनं कापल्यासारखा दिसला, तर माल रेडिओवरून उचललेला. आणि १५,६२५ हर्ट्‌झवर एक बारीक उभा काटा दिसला, तर कुणीतरी टीव्हीपुढे माइक धरला होता. तो काटा म्हणजे त्या काळच्या टीव्हीची शिट्टी: एका चित्रात ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं, करा गुणाकार. ही शिट्टी लहान मुलांना ऐकू येते, आजोबांना नाही. त्यामुळे प्रत विकणारा म्हातारा असेल तर त्याला बेइमान म्हणण्याआधी थोडा विचार करावा.

माल फडताळात पडून का राहतो, याचं गूढ करायचं कारण नाही. प्रक्षेपणाची परवानगी म्हणजे विकण्याची परवानगी नव्हे. कलाकार, रेकॉर्ड कंपनी, प्रक्षेपण करणारी संस्था, आणि दुसऱ्यांची गाणी गायली असतील तर त्यांचे हक्कदार, सगळ्यांची सही लागते. (इथे शेवटाकडे ‘बिग स्पेंडर’ आणि ‘जेलहाउस रॉक’ आहेतच.) शिवाय कंपनीला नवा अल्बम खपवायचा असतो, ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ येऊन तेव्हा महिना झाला होता. क्वीनचा पहिला अधिकृत लाइव्ह अल्बम आला तोही १९७९ साली, आणि तो दुसऱ्याच मैफलींचा.

खरी गंमत फडताळ उघडल्यावर. त्या पिढीच्या मैफलींची मूळ ध्वनिमुद्रणं असतात दोन इंच रुंद टेपवर, सोळा किंवा चोवीस ट्रॅक, म्हणजे वेगवेगळ्या माइकांच्या आवाजाच्या स्वतंत्र पट्ट्या, शेजारी शेजारी. अडीच हजार फुटांचं रीळ सेकंदाला १५ इंच वेगानं तेहतीस मिनिटं चालतं, ३० इंचांनी जेमतेम साडेसोळा. गाणारा रीळ संपलं म्हणून थांबत नाही. म्हणून यंत्रं दोन लागतात: पहिलं संपायच्या आधी दुसरं सुरू करायचं, आणि दोन्हींवर आलेला तुकडा पुढे जोडकामाला वापरायचा. यातलं एक रीळ हरवलं तर गाण्याच्या मध्येच मल्टिट्रॅक संपतो आणि प्रक्षेपणाच्या मिक्सवर, म्हणजे सगळं आधीच एकत्र कालवलेल्या आवाजावर, भागवावं लागतं. काळजीपूर्वक ऐकलं तर जुन्या मैफलींत असा क्षण सापडतो: सभागृह एकाएकी आकसतं, जणू कुणी बाजूची दारं लावून घेतली.

आता मुरण्याचं. सत्तरीच्या मध्यापासूनच्या अनेक टेपांमध्ये चुंबकीय भुकटी पट्टीला धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा थर हवेतलं बाष्प पितो आणि चिकट होतो. रीळ फिरवलं की टेप किंचाळते, हेडवर तपकिरी मळ साचतो, आणि तो मळ म्हणजे संगीतच असतं. उपाय ऐकून नवखा दचकतो: टेप भाजायची. साधारण ५४ अंश सेल्सियस, निदान आठ तास. दोन इंची रिळाला त्याहून जास्त, मध्ये एकदा उलटून. मग तितकाच वेळ निवू द्यायची. फळं सुकवायचं यंत्र चालतं, स्वयंपाकघरातला ओव्हन नको, त्याचा काटा दहा-दहा अंश इकडेतिकडे करतो. मायक्रोवेव्हचं तर नावच काढू नये. हा इलाज तात्पुरता आहे, काही आठवड्यांत प्रत करून मोकळं व्हायचं. सत्तरीआधीच्या ॲसिटेट टेपा (पट्टीच वेगळ्या प्लॅस्टिकची) मात्र भाजल्या तर वाळून कुडकुडीत होतात. रीळ बाजूनं उजेडात धरावं. आरपार उजेड दिसला तर ॲसिटेट, तिला हात लावू नका.

आवाज निघाला की तो चित्राला जुळवायचा. दोन यंत्रांच्या वेगात हजारात एक एवढा फरक असला, तरी चाळीस सेकंदांत एका चित्राचा, म्हणजे ४० मिलिसेकंदांचा घोळ होतो. तासाभरात साडेतीन सेकंदांहून जास्त. मग व्हिडिओवरचा मोनो आवाज आधाराला घेऊन ड्रमचे ठोके एकाखाली एक लावत बसायचं. चूक व्हायचीच तर आवाज मागे राहिलेला परवडतो, पुढे गेलेला नाही. लांबून येणारा आवाज उशिरा पोचतो हे कानाला जन्मापासून ठाऊक आहे; ओठ हलायच्या आत शब्द आला की ४५ मिलिसेकंदांतच ते खटकायला लागतं.

आणि सफाईचा मोह. सुसाट्यासारखा येणारा टेपचा ‘स्स’ संगणकावर पुसता येतो, पण टाळ्यांचा कडकडाटही संगणकाच्या लेखी ‘स्स’च. जरा हात सैल सुटला की साडेतीन हजार माणसं पाण्याखाली टाळ्या वाजवू लागतात. गाण्याच्या माइकमध्ये शिरलेली ड्रमची झांज कापणंही तसंच. तीन मीटरवरून येणारी ती झांज नऊ मिलिसेकंद उशिरा येते, आणि त्या उशिरातच रंगमंचाची खोली असते. ती काढलीत तर चौघे जण चार वेगळ्या गावांत वाजवतायत असं वाटेल.

ओडियनची ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या दृष्टीनं ऐकण्यासारखी आहे. मधला ऑपेराचा भाग थरावर थर चढवून स्टुडिओत रचलेला, चौघांच्या गळ्यांना तो रंगमंचावर झेपणारा नव्हता. म्हणून त्यांनी तो सरळ वगळला. सुरुवातीची संथ कडवी झाली की ‘किलर क्वीन’, मग ‘द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन’चा तुकडा, आणि मग परत शेवटाला. नंबर एकचं गाणं असं मधून चिरून वाढायला धाडस लागतं, आणि प्रेक्षकही तक्रार न करता जेवतात.

आपल्याकडच्या माळ्यावर अशी रिळं नसतात, कॅसेटी असतात. त्यांचा रोग वेगळा, त्यांना भाजू नका. खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी; कॅसेट प्लेअरमध्ये घातलीत तर हेडवरून ती पुढच्या कॅसेटला लागेल. आवाज घुसमटलेला येत असेल तर बहुधा टेपला हेडवर दाबून धरणारी फेल्टची गादी डिंक सुटून पडलेली असते. कवचाचे पाच स्क्रू काढायचे, एखाद्या टाकाऊ कॅसेटची गादी पत्र्याच्या पट्टीसकट तिथे बसवायची, आणि स्क्रू घट्ट करण्याआधी दोन्ही चाकं पेन्सिलीनं फिरवून बघायची.