अर्धी दाढी

दुपारचा शेवटचा पेशंट उरकून मी ग्लोव्हज काढत होते तेवढ्यात असिस्टंट आत आली आणि हळूच म्हणाली, मॅडम, बाहेर एक काका आलेत, अपॉइंटमेंट नाहीये, बोलत पण नाहीयेत, नुसता कागद दाखवतायत. कागदावर लिहिलं होतं, 'बोलता येत नाही. खालची डावी दाढ काढायची आहे. आजच.' आणि त्या 'आजच'खाली दोन रेघा. वैताग आला होता खरं तर, सकाळपासून पाठीचा काटा ढिला झाला होता, पण म्हटलं पाठव.

काका आत आले आणि मला पहिल्यांदा हसूच आलं, खोटं कशाला बोलू. साठीच्या आसपासचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, भांग नीट पाडलेला, आणि दाढी फक्त अर्धी! उजवा गाल गुळगुळीत आणि डाव्या गालावर तीनेक आठवड्यांची पांढरी दाढी, बरोबर हनुवटीच्या मध्यावर येऊन थांबलेली. ते हसू जेमतेम सेकंदभर टिकलं कारण मग मला त्यांचा हात दिसला.

दाढ दुखणारा माणूस गाल दाबून धरतो, उशीसारखा. रोज बघते मी. ह्यांचा हात गालापासून चार बोटं लांब होता, हवेत, वारा अडवायला दिव्यापुढे धरतात ना तसा. तो हात मला चांगलाच ओळखीचा होता, कारण सहा वर्षं मी स्वतः तसाच हात धरत होते, फक्त उजव्या बाजूला, आणि कोणी बघत नसेल तेव्हाच.

इथे थोडं माझ्याबद्दल सांगायला लागेल. मला ट्रायजेमिनल न्युराल्जिया आहे. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी जी पाचवी नस, तिच्या तीन फांद्या असतात, कपाळ-डोळा, वरचा जबडा आणि खालचा जबडा, आणि ह्या आजारात त्यातल्या एखाद-दुसऱ्या फांदीत विजेचा शॉक बसल्यासारखी कळ येते. दोन सेकंद, दहा सेकंद, कधी मिनिटभर. आणि कशाने, तर काहीच नाही अशा गोष्टींनी. वाऱ्याची झुळूक, ब्रशचा केस, ओठाला लागलेली मास्कची कड, एखादा 'प' नाहीतर 'ब'. जोरात दाबलं तर कधीकधी काही होत नाही पण केस उडून गालाला लागला की संपलं. साध्या पेनकिलरचा हिला काही उपयोग नाही, कारण सूज नाही, जखम नाही, वायरिंगच बिघडलेलं असतं.

आता एखाद्याला वाटेल डेंटिस्टला हे लगेच कळलं असेल. कळलं नाही ना! मला वाटलं सहा नंबरची दाढ गेली. एका मित्राकडे जाऊन रूट कॅनल करून घेतलं, तरी थांबेना, मग मीच त्याला म्हटलं काढून टाक. तो बिचारा म्हणत होता की एक्स-रेमध्ये काही दिसत नाहीये गं, अजून थोडं थांबू, पण मी ऐकलं नाही. काढली आणि पाच आठवडे सगळं शांत. मी म्हटलं बघ, मी सांगत नव्हते? सहाव्या आठवड्यात कळ परत आली, त्याच जागी, जिथे आता दाढच नव्हती. मग न्यूरॉलॉजिस्टकडे गेले आणि त्यांनी दहा मिनिटांत निदान केलं. ह्या आजारात मधेच आपोआप शांत काळ येतो, कधी आठवडे, कधी महिने, आणि नेमकी त्याच वेळी दाढ काढलेली असली की सगळं श्रेय दाढेला जातं. हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं, त्याचे मार्क पण मिळाले होते.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. विचारलं कोणी की ही दाढ कुठे गेली तर म्हणायचे, तडा गेला होता. पेशंट समोर असताना कळ आली की मी एक्स-रे उचलून पाठ फिरवायचे आणि उजेडाकडे धरून उभी राहायचे. लोकांना वाटायचं मॅडम फार बारकाईने बघतात. त्यातले निम्मे एक्स-रे मी बघतच नव्हते.

तर काका. त्यांना खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला सांगितलं, ते इतकं हळू उघडलं की बघवेना. खालच्या डाव्या बाजूच्या दोन दाढा आधीच गायब, आणि जी काढा म्हणत होते ती ठणठणीत. कीड नाही, हिरड्या ठीक, आरशाच्या दांडीने हलकंसं ठोकून बघितलं तर काही नाही. सोबत आणलेला एक्स-रे स्वच्छ. मी विचारलं, रात्री झोपेतून उठवतं का? मान हलवली, नाही. दाढेची नस सुजली असेल तर ती रात्री आडवं पडलं की जास्त ठणकते, पण ही कळ सहसा झोपू देते, तेवढीच तिची माणुसकी. तोंड धुताना? हो. दात घासताना? त्यांनी बोटांनी अकरा दाखवले. अकरा दिवस घासलेच नव्हते. आधीच्या दोन काढल्यावर बरं वाटलं होतं? पहिल्या वेळी एक बोट आणि लिहिलं 'महिना', दुसऱ्या वेळी 'आठ दिवस'.

तेवढ्यात कोपऱ्यातला टेबलफॅन, जो फिरत असतो हे मी विसरलेच होते, त्याची मान फिरत फिरत त्यांच्याकडे आली. मला दिसलं की येतोय, तोंडातून शब्द निघेपर्यंत वारा पोचला होता. काका ओरडले नाहीत. सगळा चेहरा एका बाजूला खेचला गेला, डावा डोळा मिटला, आणि खुर्चीच्या हातावरची बोटं पांढरी पडली. असिस्टंट पाण्याचा ग्लास घेऊन धावली आणि खांद्याला हात लावायला गेली, मी तिला खुणेने जागीच थांबवलं. मनातल्या मनात मोजले, पस्तीस सेकंद. मग सुटलं. डाव्या डोळ्यातून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं पण नाही, कारण पुसणार कसं, हात लावायची सोय नाही.

ती दाढ मी काढणार नव्हते हे नक्की. पण नुसतं 'दाढ चांगली आहे, न्यूरॉलॉजिस्टकडे जा' म्हणून पाठवलं असतं तर ते संध्याकाळपर्यंत दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसले असते, हे मला कळत होतं कारण मी पण तेच केलं असतं. मग मी मास्क काढला. उजवा गाल बोटाने बाजूला ओढला (तो दिवस बरा होता म्हणून जमलं) आणि दाखवलं. म्हटलं, काका, ही जागा बघा. ही माझी सिक्स. चांगली होती. मी स्वतः काढायला लावली, आणि मी डेंटिस्ट आहे.

असिस्टंट माझ्याकडे बघतच राहिली. चार वर्षं माझ्याबरोबर काम करतेय.

काकांनी बराच वेळ त्या खड्ड्याकडे बघितलं आणि कागदावरचं 'आजच' हळूच खोडलं.

मग मी त्यांना खालच्या जबड्याचा ब्लॉक दिला, म्हणजे नस बधिर करायचं इंजेक्शन, जरा लांब टिकणारं औषध वापरून. एक झटका येऊन गेला की नस थोडा वेळ गप्प बसते, तेवढ्यात सुई मारून घेतली. आणि स्पष्ट सांगितलं की आता बधिर होईल, कळ थांबेल, पण ह्यावरून दाढच दोषी होती असं समजायचं नाही, आपण तात्पुरती लाइन कापलीय फक्त. दहा मिनिटांनी त्यांनी आधी ओठाला बोट लावलं. मग गालाला. मग पूर्ण तळहात गालावर ठेवून डोळे मिटून बसले. आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा नीट बोलले ते हे, "मॅडम, तुमचं किती वर्षं झाली?"

मला उत्तर देता येईना. माझं कोणी विचारेल असं डोक्यातच नव्हतं.

पुढचा दीड तास ते बोलत होते, एखाद्याचा जामीन झाल्यासारखे. गाडी शिकवायचा क्लास आहे त्यांचा. दिवसभर बोलायचं काम. "क्लच सोड, ब्रेक दाब, आरशात बघ, आणि मला तर ब्रेकमधला 'ब'सुद्धा म्हणता येईना, मग मी डॅशबोर्डवर एकदा ठोकलं की ब्रेक, दोनदा ठोकलं की आरसा. एक मुलगी घाबरून क्लास सोडून गेली." हे सांगताना स्वतःच हसले, बधिर ओठाने वाकडं.

न्यूरॉलॉजिस्टने कार्बामाझेपिन सुरू केलं, थोड्या डोसने, हळूहळू वाढवत. आशियाई वंशाच्या लोकांत ते सुरू करायच्या आधी एचएलए-बी १५०२ ही जनुकाची तपासणी करतात, कारण ते जनुक असेल तर त्वचेची भयंकर रिअ‍ॅक्शन येऊ शकते, ती झाली, नंतर रक्तातलं सोडियम आणि पेशी बघत राहायचं. केमिस्टने सांगितलं हे फिटचं औषध आहे, की लगेच काकांचा फोन, मला फिट कुठे येतात? त्यांना सांगितलं की १९६२ मध्येच ब्लोम नावाच्या स्वीडनच्या डॉक्टरने हे ह्याच दुखण्यावर वापरून दाखवलंय, चुकून लिहिलेलं नाही. पुढचा फोन जास्त अवघड होता. औषधाने झोप येते, तोल जातो, डॉक्टर म्हणतात सध्या गाडी चालवू नका, मग मी खाऊ काय? ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. सहा आठवडे त्यांच्या भाच्याने गाड्या सांभाळल्या.

आणि मग एक दिवस सकाळी साडेसातला फोन. मी म्हटलं झालं, परत सुरू झालं वाटतं. तर म्हणाले, "आज वारं फार आहे, तुम्ही कशा आहात ते विचारायला केला." मी नेहमीसारखं ठीक म्हणायला गेले आणि 'ठीक' अर्ध्यातच कळ आली. पलीकडून एक शब्द नाही. हॅलो नाही, काय झालं नाही. मी परत श्वास घेईपर्यंत तसेच लाइनवर थांबले आणि मग म्हणाले, "अठरा सेकंद. माझ्यापेक्षा बरं आहे." घरचे खूप करतात हो, पण घरचे घाबरतात, आणि मग कळ आपली आणि त्यांना धीर देणं पण आपल्याच अंगावर.

न्यूरॉलॉजिस्टच्या वेटिंग रूममध्ये काकांनी अजून दोघांना पकडलं, त्यांचा स्वभावच तसा. एक ताई, नागीण बरी होऊन वर्ष झालं तरी बरगडीखाली आग, कपड्याची शिवण टोचू नये म्हणून कपडे उलटे घालतात. आणि एक तिशीतला मुलगा, लहानपणापासून डायबेटिस, तळपाय जळतात, रात्री चादरीचं वजन सहन होत नाही म्हणून पायांवर खोक्याचा तंबू करून झोपतो. रविवारी माझं क्लिनिक बंद असतं, म्हटलं इथेच या.

पहिल्याच रविवारी भांडण झालं. मुलगा म्हणाला, तुमचं मिनिटाभरात थांबतं तरी, माझं रात्रभर चालू असतं. काका म्हणाले, तुला पुढचा झटका कधी येणार ह्याची भीती बाळगत जगावं लागत नाही. मोजमाप सुरू झालं एकदम, कोणाचं जास्त. ताई शांतपणे म्हणाल्या, नंबर काढायचे असतील तर मी घरी जाते, माझ्याकडे तिकडे सासूबाई आहेत त्यासाठी. सगळे हसले, काका जपून, एका बाजूने.

आणि एकदा खरंच गडबड झाली. काकांना गोळी लागू पडली हे ऐकून ताईंनी त्यांच्याच पाकिटातल्या दोन मागून घेतल्या, काकांनी पण दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी ताई चक्कर येऊन बाथरूमच्या दारावर आपटल्या. नसेचं दुखणं म्हणजे सगळ्यांचं एकच औषध नसतं. नागिणीनंतरच्या दुखण्याला बहुतेक वेळा गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन किंवा अमिट्रिप्टिलिनपासून सुरुवात करतात, आणि कार्बामाझेपिन ही काही पहिल्याच दिवशी दोन गिळायची गोष्ट नाही. मी काकांवर इतकी चिडले की मलाच कळ आली आणि रागावणं अर्धवट राहिलं. तेव्हापासून गोळीचं नाव सांगायचं, पाकीट घरी ठेवायचं.

बाकी नियम कोणी ठरवले नाहीत, होत गेले. पंखा बंद. ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी वही. कोणी हात वर केला की सगळ्यांनी गप्प बसायचं, हात लावायचा नाही, पाणी द्यायचं नाही, आणि नंतर जिथे वाक्य तुटलं तिथूनच पुढे चालू. आता हाच नियम मी क्लिनिकमध्ये पण पाळते. कळ आली की हात वर करते आणि पेशंटला सांगते, मला एक मिनिट लागेल. एकानेही अजून उठून जायची भाषा केलेली नाही, एकीने तर वेळ लावून सांगितलं.

काकांच्या एमआरआयमध्ये नसेच्या मुळाशी रक्तवाहिनी टेकलेली दिसली. कवटी उघडून ती बाजूला करून मधे गादीसारखं काहीतरी ठेवतात, मायक्रोव्हॅस्क्युलर डीकम्प्रेशन म्हणतात त्याला, बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं आराम पडतो. काका अजून 'बघू'वर आहेत. मी त्यांना घाई करत नाही, मी पण स्वतःच्या बाबतीत 'बघू'वरच आहे.

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी ते दोन्ही गाल घोटून आले. डाव्या गालावर तीन ठिकाणी कापलेलं, कापूस चिकटलेला. म्हणाले, ह्या बाजूचा हातच विसरलोय. मुलाने फोटो काढला, ताईंनी कौतुकाने अँटिसेप्टिक मागितलं माझ्याकडे, आणि मी ते लावलं, गालाला, बोटाने, आणि काही झालं नाही.

थंडी सुरू झाली आणि गेल्या रविवारी काका जरा उशिरा आले. मफलर सोडला तर डाव्या गालावर चार दिवसांचे पांढरे खुंट. कोणी काही विचारलं नाही. मुलाने उठून खिडकी लावली, मी वही आणि पेन त्यांच्या पुढ्यात सरकवलं.